फूट कोणीं पाडली?

बाजाराच्या दिवशीं किंवा चावडीपुढें आमच्या उपदेशकबंधूंस एक प्रश्न हटकून विचारण्यांत येतो. "तुमचा प्रभु एक, तुमचें शास्त्र एक, मग तुमच्यांत इतके पंथ कां? एकजण तान्ह्या लेंकरावर पाणी शिंपडतो, दुसरा जाणत्या माणसास नदींत बुडवितो. एकास बिशप पाहिजे, दुसऱ्यास नको. आमच्या जातिभेदास नांवें ठेवणारे तुम्ही, तुमच्या घरीं निराळें तें काय आहे?" विचारणारा पुष्कळदां थट्टेनें विचारतो; तथापि थट्टेनें विचारलेला प्रश्नहि खरा असूं शकतो. "तीं परदेशांतलीं जुनीं भांडणें आहेत, आपणांस त्यांचें काय?" असें म्हणून पुढें जाणारे आपल्यांत थोडे नाहींत. हें उत्तर अपुरें आहे. ज्या मंडळींत आपला बाप्तिस्मा झाला ती मंडळी अशाच एखाद्या जुन्या भांडणांतून जन्मास आलेली असते. आणि भांडण परदेशांतलें असलें तरी त्याच्या मुळाशीं जो नीतीचा प्रश्न आहे तो आपल्या गांवांतहि दर दोन-चार वर्षांनीं उभा राहतो.

तो प्रश्न असा. मंडळींत उघड दोष दिसत असतां विश्वासू माणसानें आंत राहून तो दूर करण्याचा यत्न करावा, कीं बाहेर पडावें? आणि तो बाहेर पडला व मंडळी दुभंगली, तर त्या दुभंगण्याचा दोष कोणाच्या माथीं यावा? सामान्यतः जो उठून गेला त्याच्याकडे आपण बोट दाखवितों. घर सोडून जाणारा डोळ्यांस दिसतो. त्यास घरांत राहणें अशक्य करणारा दिसत नाहीं.

फ्रान्स देशांतील लियों शहरीं ११७३ सालच्या सुमारास वाल्डो नांवाचा एक श्रीमंत व्यापारी होता. त्यानें आपली मालमत्ता गरिबांस वांटली, शास्त्राचे कांहीं भाग लोकांच्या बोलींत भाषांतर करविले, आणि त्याचे सोबती दोघे-दोघे मिळून गांवोगांव उपदेश करूं लागले. त्यांस नवा पंथ काढावयाचा नव्हता. ११७९ सालीं ते आपण होऊन रोमेस गेले व परवानगी मागते झाले. त्यांच्या गरिबीचें कौतुक झालें. उपदेशाविषयीं मात्र, स्थानिक पाळकांची परवानगी असल्यावांचून तोंड उघडूं नये, अशी अट पडली. ती परवानगी कोणी देईना, आणि यांस गप्प राहवेना. ११८४ सालीं त्यांस पाखंडी ठरविण्यांत आलें, आणि पुढें कित्येक शतकें त्यांचे वंशज आल्प्स पर्वताच्या खोऱ्यांत छळ सोशीत राहिले.

याच्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनीं इटलींतील असिसी गांवच्या एका कापडव्यापाऱ्याच्या मुलानें हुबेहूब हेंच केलें. फ्रान्सिस त्याचें नांव. त्यानेंहि धन टाकलें, सोबती जमविले आणि तो रस्त्यावर उपदेश करूं लागला. तोहि रोमेस गेला. तेथें पोप तिसरा इनोसंट यानें त्याचें ऐकून घेतलें व तोंडी परवानगी दिली. आज जग त्यास संत म्हणतें. वाचकहो, बीज एकच, परंतु एकास संतपद व दुसऱ्यास पाखंड्याचा शिक्का! फ्रान्सिसाचा स्वभाव अधिक आज्ञाधारक होता हें खरें. पण त्यास ऐकून घेणारा भेटला, हेंहि तितकेंच खरें आहे. तेव्हां सुधारणेची चळवळ मंडळींत राहील कीं मंडळीबाहेर जाईल, हें पुष्कळ अंशीं सुधारकाच्या हातीं नसून ज्यांच्याकडे तो प्रथम जातो त्यांच्या हातीं असतें. लियोंच्या त्या गरिबांची दखल रोमेनें घेतली ती फारच उशिरां. २०१५ सालच्या जून महिन्यांत पोप फ्रान्सिस यांनीं इटलींतील तूरिन शहरीं त्यांच्या मंदिरांत जाऊन जुन्या छळाबद्दल क्षमा मागितली. आणि या पोपसाहेबांनीं धारण केलेलें नांव त्याच असिसीच्या फ्रान्सिसाचें होतें.

मार्टिन लूथराची कथा शब्बाथशाळेंतील मुलांसहि ठाऊक आहे, म्हणून ती येथें विस्तारानें सांगत नाहीं. एवढेंच ध्यानांत आणावें कीं, ३१ आक्टोबर १५१७ रोजीं त्यानें जीं पंचाण्णव कलमें पुढें मांडलीं तीं लॅटिन भाषेंत होतीं, म्हणजे विद्वानांनीं त्यांवर वाद करावा एवढाच त्याचा हेतु होता. जानेवारी १५२१ मध्यें त्यास बहिष्कृत करण्यांत आलें. तो निघून गेला नाहीं. त्यास काढण्यांत आलें.

परंतु येथवरची कथा सांगून आम्ही थांबलों तर तें अर्धें सत्य होईल. आम्हां प्रॉटेस्टंट लोकांस लूथराच्या छळाची गोष्ट आवडते. आमच्याच वडिलांनीं केलेल्या छळाची गोष्ट आम्ही मुलांस सहसा सांगत नाहीं. ती आज सांगूं.

स्वित्झर्लंड देशांतील झूरिक शहरीं उलरिक झ्विंग्ली नांवाचा मोठा सुधारक १५१९ पासून उपदेश करीत होता. मत्तयाचें शुभवर्तमान आरंभापासून क्रमवार उलगडून सांगण्याची त्याची रीति होती, आणि लोक तें ऐकण्यास गर्दी करीत. १५२२ सालीं उपवासाच्या दिवसांत त्याच्या मित्रांनीं एका छापखानेवाल्याच्या घरीं मांस खाल्लें, आणि त्यावरून शहरांत मोठा गोंधळ उडाला. झ्विंग्ली तेथें हजर होता. त्यानें स्वतः खाल्लें नाहीं, पण खाणारांचा कैवार मात्र घेतला. पुढारी असेच असतात! त्याच्याभोंवतीं जे तरुण जमले त्यांत कॉनराड ग्रेबेल व फेलिक्स मान्झ हे दोघे होते. मान्झ हिब्रू भाषेचा जाणता होता. गुरु आणि शिष्य एकत्र बसून शास्त्र वाचीत.

शास्त्र वाचतां वाचतां शिष्यांच्या मनांत एक गोष्ट भरली. ज्यास पाप व पश्चात्ताप यांचा अर्थ कळत नाहीं अशा अर्भकास बाप्तिस्मा देण्यास शास्त्रांत आधार कोठें आहे? बाप्तिस्मा हा विश्वासाची खूण असेल, तर आधीं विश्वास पाहिजे. झ्विंग्लीस हें पटलें नाहीं. शिवाय मंडळीची सुधारणा किती करावी व केव्हां करावी हें शहराच्या कौन्सिलानें ठरवावें असें तो म्हणे, आणि तरुण म्हणत कीं, ज्या गोष्टींत शास्त्र स्पष्ट बोलतें तींत कौन्सिलास विचारावयाचें काय? जानेवारी १५२५ मध्यें कौन्सिलानें हुकूम काढला कीं, आठ दिवसांच्या आंत मुलांचा बाप्तिस्मा करून घ्यावा, नाहींतर शहर सोडावें. २१ जानेवारीच्या सायंकाळीं हे बंधु एका घरीं जमले, त्यांनीं प्रार्थना केली, आणि ग्रेबेलानें जॉर्ज ब्लाउरॉक नांवाच्या एका माजी याजकास बाप्तिस्मा दिला. मग त्यानें इतरांस दिला. पुढल्या वर्षीं कौन्सिलानें या अपराधास बुडवून मारण्याची शिक्षा ठरविली. ५ जानेवारी १५२७ रोजीं फेलिक्स मान्झ याचे हात बांधून त्यास लिम्मात नदीच्या थंड पाण्यांत बुडविण्यांत आलें. त्याची आई कांठावरून त्यास धीर देत होती असें सांगतात.

बोलून चालून पोपाच्या सत्तेविरुद्ध शास्त्राची दोही फिरविणारें हें शहर! दहा वर्षेंहि लोटलीं नव्हतीं, आणि ज्यांनीं रोमेकडून ऐकून घेण्याचा हक्क मागितला त्यांनींच आपल्या शिष्यांस तो नाकारला.

झ्विंग्लीस भ्याड किंवा दुष्ट म्हणून सोडून देणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्या काळीं बाप्तिस्मा ही केवळ मंडळीची खूण नव्हती. शहरांत जन्मलेलें प्रत्येक मूल त्या शहराचें व त्या मंडळीचें एकदमच होई. कोणी म्हणाला कीं माझ्या मुलास बाप्तिस्मा नको, तर नगराच्या एकीचा दोरच तुटला असें लोकांस वाटे. भोंवतालचीं जुन्या मताचीं संस्थानें हत्यार परजून बसलीं होतीं. त्यांच्याशीं लढतांना झ्विंग्ली स्वतः ११ आक्टोबर १५३१ रोजीं काप्पेल येथें पडला. भीति खरी होती. पण भीतीनें केलेला अन्याय अन्यायच असतो, आणि एकीच्या नांवानें केलेल्या खुनास खुनाहून निराळें नांव देतां येत नाहीं. झूरिकच्या सुधारलेल्या मंडळीस हें उघड कबूल करण्यास पावणे पांचशें वर्षें लागलीं. २००४ सालीं तिनें क्षमा मागून त्या नदीच्या कांठीं बुडविलेल्यांच्या स्मरणार्थ एक शिळा बसविली.

बुडणारे तेवढे सारे निर्दोष होते असेंहि नाहीं. पुनर्बाप्तिस्मा मानणाऱ्या कांहीं लोकांच्या हातीं १५३४ सालीं जर्मनींतील म्यून्स्टर शहर आलें, तेव्हां त्यांनींहि तरवारीच्या धाकानें लोकांस बाप्तिस्मा घ्यावयास लाविलें. सत्ता हातीं आली कीं छळलेला माणूस छळणारा होण्यास फार वेळ लागत नाहीं. परंतु त्यांतूनच मेन्नो सायमन्स याच्यासारखे पुढारी निघाले. त्यानें १५३६ सालीं याजकपण सोडलें व तरवार वर्ज्य असें शिकविलें. त्याच लोकांपैकीं नेदरलँड्समधील डर्क विलेम्स याचें नांव आम्हांस आमच्या उपदेशकांच्या तोंडीं ऐकावयास आवडेल. १५६९ सालीं तो कैदेंतून पळाला आणि गोठलेल्या पाण्यावरून पलीकडे गेला. मागून येणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यांत पडला व बुडूं लागला. डर्क मागें फिरला आणि त्यानें त्यास हात देऊन बाहेर काढलें. शिपायानें त्यास धरलें, आणि डर्क जाळला गेला. फूट पाडणारा म्हणून ज्याचा जीव घेतला, त्यानें आपल्या वैऱ्याशीं कसें वागून दाखविलें तें पाहा, आणि मग प्रीतीचा नियम कोणीं मोडला तें सांगा.

आतां दुसऱ्या बाजूस वळूं. बाहेर न पडतां सुधारणा करणारेहि झाले आहेत. जर्मनींत फिलिप स्पेनर या पाळकानें १६७० च्या सुमारास आपल्या घरीं शास्त्रवाचनाच्या व प्रार्थनेच्या बैठकी सुरू केल्या. मंडळीचें मत शुद्ध आहे, पण अंतःकरण कोरडें आहे, असें त्याचें म्हणणें होतें. त्याचा सोबती फ्रांके यानें हाल्ले शहरीं अनाथ मुलांसाठीं आश्रम व शाळा काढल्या; आणि त्या हाल्लेच्या पठडींतले त्सीगेनबाल्ग व प्ल्यूचाउ हे दोघे ९ जुलै १७०६ रोजीं तामिळ देशांतील तरंगमबाडी येथें उतरले. हिंदुस्थानांतील प्रॉटेस्टंट मिशनकार्याचा उगम अशा रीतीनें मंडळी न सोडणाऱ्या सुधारकांच्या घरगुती बैठकींत आहे.

इंग्लंडांत जॉन वेस्ली याची स्थिति याहून अवघड होती. तो इंग्लंडच्या मंडळीचा दीक्षित पाळक. त्याचा बापहि पाळक. २४ मे १७३८ रोजीं त्यास आपल्या तारणाची खातरी झाली, आणि पुढल्या वर्षीं ब्रिस्टल येथें तो उघड्या मैदानांत उपदेश करूं लागला. कारण खाणींतले मजूर देवळांत येत नसत, आणि आले असते तरी त्यांस तेथें कोणी बाक दिलें नसतें. त्यानें विश्वासणाऱ्यांचे बारा-बारा जणांचे वर्ग केले. दर आठवड्यास एक पेनी वर्गणी, आणि एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस. मात्र प्रभुभोजनासाठीं आपापल्या गांवच्या देवळांतच जावें असा त्याचा आग्रह असे. पन्नास वर्षें तो म्हणत राहिला कीं, मी मंडळी सोडलेली नाहीं. पण अमेरिकेंतील हजारों लोकांस संस्कार देण्यास पाळक मिळेना. बिशपसाहेबांस विनंती केली, ती फुकट गेली. अखेर १७८४ सालीं वेस्लीनें स्वतः हात ठेवून पाळक नेमले. त्याचा सख्खा भाऊ चार्ल्स या कृत्यानें फार दुःखी झाला. जॉन १७९१ सालीं वारला तो इंग्लंडच्या मंडळीचा पाळक म्हणूनच. त्याच्यामागें चार-पांच वर्षांच्या आंत त्याचे लोक निराळे झाले.

आम्हांस वाटतें, वेस्ली थोडासा आपल्या मनाची समजूत घालीत होता. त्याच्या हातांनीं दार केव्हांच उघडलें होतें. तें बंद आहे असें तो म्हणत राहिला. तरी त्या म्हणण्याचा उपयोग झाला. पन्नास वर्षें त्यानें आपल्या लोकांस रागावून निघून जाऊं दिलें नाहीं, आणि तेवढ्या काळांत त्यांस राग व विवेक यांतला भेद शिकतां आला.

वेस्लीच्याच लोकांत, समुद्रापलीकडे, जें घडलें तें आमच्या गांवच्या मंडळ्यांनीं फार लक्षपूर्वक ऐकावें. रिचर्ड ॲलन हा काळा मनुष्य गुलामगिरींत जन्मला आणि पैसे भरून त्यानें आपली सुटका करून घेतली. फिलाडेल्फिया शहरांतील सेंट जॉर्ज मंदिरांत तो व त्याचे काळे बांधव उपासनेस जात. मंदिर वाढविण्यास त्यांनीं पैसा व श्रम दोन्ही दिले होते. एके दिवशीं प्रार्थना चालू असतां, गुडघे टेकलेल्या या बांधवांस तेथून ओढून उठवूं लागले, कारण काळ्यांनीं त्या ठिकाणीं बसावयाचें नव्हतें. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, असें त्यांनीं विनविलें. तेंहि ऐकिलें नाहीं. प्रार्थना संपल्यावर ते सर्व उठले व बाहेर गेले. १७९३ सालीं त्या शहरांत पीतज्वराची सांथ आली, तेव्हां ॲलन व त्याचे सोबती गोऱ्या आजाऱ्यांची शुश्रूषा करीत व मेलेल्यांस पुरीत फिरले. १७९४ सालीं त्यांचें स्वतःचें मंदिर उघडलें आणि १८१६ सालीं त्यांची स्वतंत्र मंडळी झाली. तिचें मत वेस्लीचेंच राहिलें. एका अक्षराचा फरक नव्हता. आतां सांगा, ही फूट कोणीं पाडली? दारांतून बाहेर पडला तो ॲलन. पण मंडळी फुटली ती गुडघ्यावर असलेल्या भावाच्या दंडास हात घातला त्या क्षणीं.

स्कॉटलंडची गोष्ट तर आपल्या घरापर्यंत येते. तेथें गांवच्या मंडळीवर पाळक नेमण्याचा हक्क जमीनदारांकडे होता. मंडळीस तो मान्य नसला तरी कायदा जमीनदाराचा. दहा वर्षें वाद चालला. शेवटीं १८ मे १८४३ रोजीं एडिंबरो येथें सुमारें एक-तृतीयांश पाळकांनीं सरकारी मंडळी सोडली, आणि पगार, राहतीं घरें, देवळें हीं सर्व मागें ठेवलीं. हिंदुस्थानांतील स्कॉटिश मिशनरीहि त्यांस मिळाले. मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेची इमारत जुन्या मंडळीकडे सोडून द्यावी लागली व काम पुन्हा उभारावें लागलें. नागपुरास १८४५ सालीं आलेले स्टीफन हिस्लॉप हे या नव्या फ्री मंडळीचेच. बाहेर पडतांना मनुष्य काय मागें टाकतो, यावरून त्याच्या हेतूची बरीच पारख होते; त्या दृष्टीनें ही फूट फार थोर म्हटली पाहिजे.

पण हीच मंडळी आपल्या गरजेसाठीं अमेरिकेंत वर्गणी मागावयास गेली, आणि तिनें गुलाम बाळगणाऱ्या लोकांचा पैसाहि घेतला. १८४६ सालीं फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरींतून सुटलेला वक्ता स्कॉटलंडभर व्याख्यानें देत फिरला व तो पैसा परत करा म्हणून सांगूं लागला. तो परत केला नाहीं. सरकारच्या जुलमाविरुद्ध ज्यांची सदसद्विवेकबुद्धि इतकी जागी होती, त्यांचीच ती दुसऱ्याच्या जुलमाच्या पैशापुढें निजली.

आतां आपल्या घरीं पाहूं. आपल्याकडे मंडळ्या फुटतात त्या बाप्तिस्म्याच्या वादावरून क्वचितच. पंच कोण, शाळेच्या समितीवर कोणाचा माणूस, मंडळीची जमीन कोणाच्या सहीनें विकली, हीं कारणें अधिक. दोन पक्ष होतात, एकाच देवळास दोन कुलपें लागतात, आणि पौलानें करिंथकरांस ज्याबद्दल लाजविलें तेंच आपण वकिलाची फी भरून करितों. अशा वेळीं बाहेर पडणारा लूथराचें नांव घेतो! बाबा रे, लूथराचा प्राण पणाला लागला होता. तुझें पंचपण गेलें आहे. उलट, पूर्वाश्रमींची जात पाहून कोणास मागें बसविलें, त्याच्या ओठांस लागलेला प्याला दुसरा घेईना, आणि पाळकानें तें पाहून न पाहिल्यासारखें केलें, तर तो बांधव उठून गेल्यावर त्यास फुटीर म्हणण्याचा अधिकार त्या मंडळीस राहिला नाहीं. त्यानें आधीं बोलून पाहावें, पंचांस सांगावें, वरिष्ठांस लिहावें, एवढें त्याजकडून मागणें रास्त आहे. वाल्डोनें रोमेची वाट धरली होती. पण किती वर्षें बोलावें, याचा हिशेब जो ऐकत नाहीं त्यानें घालून देऊं नये.

मग तुटलेलें जुळतच नाहीं काय? स्कॉटलंडची ती जखम १९२९ सालीं बहुतांशीं भरली. आपल्याकडे २९ नोव्हेंबर १९७० रोजीं हिस्लॉप यांच्याच नागपुरांत सहा मंडळ्यांनीं आपलीं निराळीं नांवें सोडून उत्तर भारताची एक मंडळी केली. त्यांत बिशप मानणारे होते व न मानणारेहि होते, बाप्टिस्ट होते, आणि ब्रदरन मंडळीहि होती, जिचा आरंभ १७०८ सालीं जर्मनींतील श्वार्त्सेनाउ गांवीं आठ जणांनीं नदींत बाप्तिस्मा घेऊन झाला व जिचे लोक पालघर जिल्ह्यांत व गुजराथेंत आहेत. अमेरिकन मेथडिस्ट मंडळी शेवटच्या घटकेस बाहेर राहिली व १९८१ सालीं ती भारतांतील स्वतंत्र मंडळी झाली. एकीची बोलणीं तीस-चाळीस वर्षें करूनहि सर्वांचें मन वळलें नाहीं. पण जे आंत आले त्यांनीं बाप्तिस्म्याचे दोन्ही प्रकार मान्य केले. ज्या आईबापांस वाटतें त्यांनीं तान्ह्या मुलास बाप्तिस्मा द्यावा. ज्यांस वाटत नाहीं त्यांनीं मुलास देवळांत आणून आशीर्वाद मागावा व जाणतें झाल्यावर त्यास आपण होऊन विश्वास पत्करूं द्यावा. ज्या प्रश्नावरून लिम्मात नदींत फेलिक्स मान्झ यास बुडविलें, त्याचीं दोन्ही उत्तरें मानणारे लोक आतां रविवारीं एका बाकावर बसतात.